अप्पांच्या गळ्यातला दोरा

नांदेड
३ फेब्रुवारी २०२५

संगमेश्वर,

मायना कोरा ठेवला आहे. धाकटा भाऊ म्हणून तुला 'चि.' लिहावं इतका राग उतरलेला नाही, आणि 'श्री.' लिहावं इतकी मी अजून परकी झालेले नाही. माझा नंबर तू फोनवर बंद करून टाकलास, म्हणून हे स्पीड पोस्ट. पोस्टमन दुकानात येऊन तुझी सही घेईल. गिऱ्हाइकांसमोर घेईल, याचं मला समाधान आहे.

उदगीरच्या लग्नात तू काय बोललास ते मल्लम्मा काकूंनी मला काल फोनवर सांगितलं. "सुकन्या, तू म्हणे बापाच्या, माणिकप्पांच्या गळ्यात मासे धरायची दोरी बांधलीस? संगू पंगतीत सांगून राहिला. लोकांच्या हातातला घास हातातच राहिला बघ." मग आवाज खाली करून, "खरं हाय का गं?"

खरं आहे. मी कधी नाही म्हटलं?

पण तू पंगतीत अर्धंच सांगितलंस. उरलेलं मी इथे लिहिते, कारण ते सांगायला तू मला दारात उभी करणार नाहीस.

गेल्या श्रावणात अप्पांच्या गळ्यातला सुती दोरा न्हाणीघरात तुटला आणि इष्टलिंग चांदीच्या करडगीसकट, त्या डबीसकट, फरशीवर पडलं. तू माल बघायला सुरतेला गेला होतास. मी तिथे होते. नव्वदी ओलांडलेला माणूस ओल्या अंगाने फरशीवर बसून लहान पोरासारखा रडला. कळतं तेव्हापासून जे अंगावरून उतरलं नाही, ते जमिनीला लागलं. मठाचे स्वामी येऊन सगळं यथासांग करेपर्यंत त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. आणि घेतला तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले, "सुकन्या, तुटणार न्हाई असा दोरा बघ."

तुला नाही सांगितलं. मला सांगितलं.

दोरा का तुटतो, हे तू कधी पाहिलंस? अप्पांना सवय आहे. बातम्या ऐकताना, दुकानातल्या गप्पा ऐकताना उजव्या हाताचा अंगठा आणि बोट छातीवरच्या दोऱ्यावर चालूच असतात. वळतात, सोडतात, पुन्हा वळतात. सूत तिथेच झिजतं. वरून रोजच्या आंघोळीचं पाणी.

मी दिवाळीला येईपर्यंत याचा विचार करत होते. गळाला लावायचा साधा नायलॉनचा दोरा घेता आला असता, पण तो रिळावर जसा गुंडाळलेला असतो तसाच वाकडा राहतो. गळ्यात घातला तर तारेसारखा उभा राहिला असता. म्हणून वेणीचा घेतला, ज्याला आम्ही नदीवर ब्रेडेड लाइन म्हणतो. बारीक तंतू वेणीसारखे गुंफलेले असतात. ताणला तर लांबत नाही, पाण्याने कुजत नाही, आणि पिळून पिळून अप्पांची बोटं थकली तरी तो थकणार नाही. त्यातही चार पेडांचा स्वस्त असतो, पण कानशीसारखा खरबरीत. म्हाताऱ्या कातडीला तो नको. आठ पेडांचा गोल आणि गुळगुळीत असतो, तो घेतला. हिरवा मिळतो, पिवळा मिळतो. रंग घामाने अंगावर उतरतो म्हणून पांढरा शोधला. नवं रीळ. पाणी न पाहिलेलं, मासा तर दूरच. साधी गाठ या दोऱ्यावर गपचूप सरकते, म्हणून दुहेरी फासाची गाठ मारली, ओली करून आवळली, आणि ओढून पाहिली. पंचांगात मुहूर्त बघावा इतक्या काळजीने मी हे केलं.

आणि तुझ्या मते त्याने विटाळ झाला, म्हणून तू तो काढून टाकलास! पंगतीत तू रेशमी सदरा घालून बसला होतास, असं काकू म्हणाल्या. तो किती किड्यांना उकळून होतो ते माहीत आहे का? माझा दोरा कारखान्यात झाला. त्याने आजवर कुणाचा जीव घेतलेला नाही.

मी मासे धरते हे तुला पहिल्यापासून खुपतं. हे गेल्यावर यांची गळाची काठी घरात राहिली होती. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर मी ती घेऊन विष्णुपुरीच्या पाण्यावर बसायला लागले. धरते आणि सोडते. खात नाही, शिजवत नाही, घरात आणत नाही. "खायचं न्हाई तर छळायचं कशाला?" असं तू एकदा विचारलं होतंस. पण तो माझा आणि माशांचा प्रश्न आहे. अप्पांच्या गळ्याचा त्याच्याशी संबंध नाही.

तो दोरा त्यांच्या गळ्यात परत घाल. कापून टाकला असशील तर सांग, मी नवा घेऊन येते. आणि आले की दार उघड.

सुकन्या

०

नांदेड
८ फेब्रुवारी २०२५

संगमेश्वर,

दुकानाच्या बिलाच्या पाठीवर लिहिलेलं तुझं उत्तर मिळालं. "अक्का, रेशमाचं मला शिकवू नको. तो दोरा ह्या घरात परत येणार नाही. तू बी सध्या येऊ नको." लहानपणी भांडण हरायला लागलास की तू असाच खाली बघून एकेक शब्द टाकायचास. मी हैदराबादच्या मिशन शाळेतून सुट्टीला आले की "आली मिशनची मड्डम" म्हणून गल्लीभर ओरडत पळायचास. ते निदान खुलेपणाने होतं.

आज मला आणखी एक कळलं. महानंदाने फोन केला. तुझ्या बायकोला स्वतःच्या सासऱ्याबद्दल नणंदेशी बोलायला कुकरची शिट्टी व्हायची वाट बघावी लागते, हे तुझ्या घराचं वैभव.

"अक्का, अप्पा जेवून नाही राहिले," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"दोरा कापला तवापासून. नवा सुती बांधू देत न्हाईत. करडगी डाव्या मुठीत धरून बसलेत. म्हणतात, तोच दोरा आणा, मग पूजा, मग जेवण. निस्तं दूध घेतात, ते बी अर्धं सोडतात."

"आणि संगू काय करतो?"

"ते काय करणार? बसतात पायाशी."

तर हे असं आहे. पूजेशिवाय अप्पा अन्न घेत नाहीत, आणि दोऱ्याशिवाय पूजा नाही. लोक काय म्हणतील याच्या भीतीने तू बापाला उपाशी ठेवलंस. त्या वयात दुधावर माणूस किती काढतो? ही तुझी शुद्धता. पंगतीत सांग आता हे.

मी सोमवारी लातूरला येते आहे. सकाळच्या गाडीने, लोहा-अहमदपूरमार्गे. परवानगी मागत नाही, कळवते आहे. अर्धापूरची केळी आणते, अप्पांना ती चालतात. पर्समध्ये रीळही असेल. तू दारात आडवा उभा राहिलास तर मी गंजगोलाईत तुझ्या दुकानासमोर खुर्ची टाकून बसेन. मी बसू शकते, तुला ठाऊक आहे.

सुकन्या

०

नांदेड
११ फेब्रुवारी २०२५

संगू,

रात्री गाडीतून उतरून घरी आले. तुझ्याशी काल एक शब्दही बोलता आला नाही. म्हणून पुन्हा कागद.

तू दारात आडवा उभा राहिला नाहीस. बाजूला झालास. मी भांडणाची सगळी तयारी करून आले होते, ती तशीच हातात राहिली.

अप्पा झोपले होते. मूठ छातीवर. महानंदा कोमट पाण्याचं फडकं घेऊन त्यांची मान पुसत होती. तिने हनुवटी जरा वर केली आणि मला ती रेघ दिसली. उजव्या कानाखालून निघून गळ्याच्या घाटीपर्यंत आलेली, खपली धरलेली, बारीक. सुरीने आखावी इतकी सरळ.

कुणी काही सांगायच्या आधी मला कळलं, कारण तशीच रेघ माझ्या तर्जनीवर आहे. गेल्या वर्षी गळ पाण्याखाली दगडात अडकला होता आणि मी काठी सोडून दोरा हातानेच ओढला होता. वेणीचा दोरा कातडीत शिरतो, आणि शिरला हे रक्त दिसेपर्यंत समजत नाही.

महानंदाने मग सगळं सांगितलं. तू उठून दुकानात निघून गेलास ना, तेव्हा. दोरा कापला त्या दिवशी अप्पा खाटेवरून पाण्याच्या तांब्यासाठी वाकले. दोऱ्याचा फास खाटेच्या लोखंडी गोळ्यात अडकला. पाय सरकला आणि ते खाली आले. सुती दोरा असता तर तट्कन तुटला असता आणि अप्पा फार तर ढुंगणावर आपटले असते. तो तुटला नाही. करडगीची चांदीची कडी तुटली नाही. माझी गाठही सरकली नाही. तू धावत आलास, हाताने दोरा ओढलास, तुझा तळवा कापला. मग महानंदाने घरातली कापडाची कात्री आणली. तोवर अप्पांचे ओठ निळे पडले होते.

काल तू हात खिशात का ठेवला होतास ते आता कळलं. मला वाटलं होतं, नमस्कार टाळतोस.

"मग उदगीरला त्याने मासे धरायच्या दोरीचं कशाला काढलं?" मी तिला विचारलं.

"अप्पांच्या गळ्याला फडकं बांधलेलं मल्लम्मा काकूंच्या लेकानं येऊन बघितलं होतं, अक्का. काय झालं म्हणून सगळे विचारून राहिले. हे म्हणाले, विटाळाचं सांगितलं की लोकं तेवढंच चघळतात. पोरीनं बापाला फास लावला, असं कुणी म्हणायला नको."

संगू, मी तुझ्यावर इतकी कधीच चिडले नव्हते. माझी अब्रू कशी वाचवायची हे तू मला न विचारता ठरवलंस. मी घातकी ठरू नये म्हणून मला धर्मभ्रष्ट ठरवलंस! मी तुला रेशमाच्या किड्यांवर निबंध लिहून पाठवला, आणि तू पट्टी बांधलेल्या हाताने तो वाचलास. एका ओळीत लिहिलं असतंस, अक्का, तुझा दोरा असा लागला, तर काय बिघडलं असतं?

बिघडलं असतं, हे मला कळतं. मी काल गाडीत चाकूरपासून नांदेडपर्यंत डोळे उघडे ठेवून बसले होते, पण बाहेरचं काही पाहिलं नाही.

ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त संताप येतो ती ही. नदीवर मी अशी चूक करत नाही. तिथे वेणीचा दोरा थेट गळाला कुणी बांधत नाही. शेवटी हातभर साधा नायलॉनचा तुकडा जोडतात, मुद्दाम कमी ताकदीचा. गळ दगडात अडकला की तो तुकडा तुटतो आणि काठी, रीळ, हात, सगळं वाचतं. कुठे तुटायचं ते आपण आधी ठरवायचं असतं. पाण्यातल्या दगडासाठी मी हे ठरवते. बापाच्या गळ्यासाठी दुकानातला सगळ्यात पक्का दोरा निवडला आणि ओढून ओढून पाहिलं की तुटत नाही ना. अप्पांनी 'तुटणार न्हाई असा' म्हटलं आणि मी शाळेतल्या हुशार मुलीसारखा प्रश्न सोडवून पहिला नंबर मिळवला.

केळी महानंदाकडे दिली आहेत. रीळ पर्समधून काढलं नाही.

अक्का

०

लातूर
१४ फेब्रुवारी २०२५, दुपार

संगू,

एकाच घरात राहून पत्र लिहायची ही काय तऱ्हा, असं म्हणशील. पण तू दुकानातून आलास की अप्पा जागे असतील, आणि त्यांच्यासमोर हे बोलता येणार नाही. महानंदा हे तुला जेवणाच्या डब्यासोबत पाठवते आहे. डबा आधी खा.

परवा तू फोन केलास, आणि तोही आधी रागावून. "अक्का, ते पत्र काय लिहिलंस? बायकोला रडवलीस. ये आता. अप्पा कुणाचं ऐकून नाही राहिले." मी आले. काल तू मला जिन्यात गाठून सांगितलंस तेही ऐकून घेतलं. "सुती दोराच बांध आणि सांग तोच हाय म्हणून. तुझ्या हातनं बांधलास तर विश्वास ठेवतील." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. रात्रभर ते स्वतःला पटवायचा प्रयत्न केला. पटलं नाही. ज्यांची बोटं आयुष्यभर त्या दोऱ्यावर चालली, त्यांना अंगठ्याला लागताच कळलं असतं. मग ते माझ्या हातचं पाणीही प्यायले नसते. आणि खरं सांगू? फसवण्याचा एक पराक्रम तू केलास, तेवढा या घराला पुरे.

म्हणून आज तू गेल्यावर मी त्यांच्यासमोर बसले. महानंदा दारात होती. आम्ही काय बोललो ते जसंच्या तसं लिहिते.

"आणलास का?" अप्पांनी डोळे न उघडता विचारलं.

"आणलाय."

"मग बांध की."

"तो गळ्यात अडकला तर तुटत नाही, अप्पा."

"म्हणूनच तर पाहिजे."

"तुम्ही मेला असता."

"गळा माझा हाय." डोळे उघडले. "मरायला मला काय वयाची अडचण हाय? लिंग पडायला नको. एकदा पडलं. दुसऱ्यांदा पडलं तर मी कोणत्या तोंडानं जाऊ?"

मी आयुष्यभर लोकांना उत्तरं दिली आहेत. खात्यात साहेबांना दिली, नन्सना दिली, तुला तर पुरून उरतील इतकी दिली. आज पर्समधून रीळ काढलं, महानंदाकडून वातीचं सूत मागून घेतलं, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर जोडायला लागले.

बोटं जिथे चालतात तो छातीवरचा भाग वेणीचा ठेवला. तो झिजणार नाही. मानेच्या मागे, जिथे त्यांचा हात पोचत नाही, तिथे वीतभर सूत. दोन्ही एकमेकांना थेट बांधले तर वेणीचा दोरा सुताला कापतो, म्हणून मधे वेढे देऊन फास केला. ते बघत होते. नजर अजून कापडाच्या व्यापाऱ्याची आहे, धाग्यावरून हलली नाही.

"मधीच हे सूत कशाला?"

"ओढा," मी म्हटलं, आणि दोन टोकं त्यांच्या हातात दिली.

त्यांनी मूठ सोडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. करडगी मांडीवर ठेवली, तिच्याखाली धोतराचा सोगा नीट केला, आणि दोन्ही हातांनी ओढलं. जोर आहे कुठे त्यांच्यात? पण दुसऱ्या झटक्याला सूत तुटलं.

रागावले. "हे तर तुटलं!"

"तुटावं म्हणूनच ते आहे. पाय सरकला तर हे तुटेल आणि तुम्ही वाचाल. एरवी रोजच्या पूजेला, आंघोळीला काही होणार नाही. फक्त सूत जुनं होऊ द्यायचं नाही. दर सोमवारी मागचा तुकडा नवा."

"आणि तुटलं की लिंग पडंल."

"पडेल."

मी खोटं बोलले नाही. पडणार नाही, असं सांगता आलं असतं.

"मग कोण उचलंल?" ते म्हणाले. "संगू दुकानात. ही चुलीजवळ. मला वाकता येत न्हाई. तू काय नांदेडहून येशील उचलायला?"

"मी इथेच राहीन."

हे मी ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडातून गेलं. महानंदाने दारातून माझ्याकडे असं पाहिलं की मी तिच्या घरातली एक खोली मागितली आहे हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"किती दिस?" अप्पांनी विचारलं.

"तुम्ही आहात तोवर."

"हं." तुटलेलं सूत बोटात फिरवलं. मग, "तुझ्या नदीचं काय?"

त्यांना नदीचं माहीत आहे, हेच मला माहीत नव्हतं.

"नदी राहील तिथेच," मी म्हटलं.

"बांध मग. पण मला हे आवडलेलं न्हाई, सांगून ठेवतो."

मी नवं सूत जोडलं. त्यांनी मान पुढे केली. ती रेघ माझ्या डोळ्यांपुढे होती, गाठ दोनदा सोडून पुन्हा मारली. पूजा झाली. महानंदाने भाकरी दुधात कुस्करून आणली. अप्पांनी ती खाल्ली. सगळी नाही. शेवटचे घास मी भरवायला गेले तर तोंड फिरवलं.

तर आता तुला कळवायचं ते हे. मी या घरात राहणार आहे. तुला विचारलेलं नाही, याची मला जाणीव आहे. महानंदालाही विचारलं नाही, तिला तू विचार, आणि ती खरं काय ते सांगेपर्यंत थांब. ती आधी 'राहू द्या की' असंच म्हणेल. वरची माळ्याजवळची खोली मला चालेल. काठी आणि रीळ नांदेडच्या घरात कुलपात राहतील, इथे आणणार नाही. आपण रोज भांडू, यात मला शंका नाही. अप्पांच्या देखत नको.

दुसरं. आज ना उद्या मल्लम्मा काकूंना फोन लाव आणि घडलं ते सांग. अक्कानं बांधलेल्या दोऱ्यानं अप्पांचा गळा आवळला, असंच सांग. लोक बोलतील. मला ऐकता येतं. विटाळाच्या गोष्टीमागे लपून मला या घरात राहता येणार नाही, आणि काकूंसमोर तर मुळीच नाही.

स्वयंपाकघरात झाकणीखाली अप्पांचा उरलेला काला आहे. संध्याकाळी तू भरव. माझ्यावर त्यांचा राग आहे, पुन्हा तोंड फिरवतील. तुझ्या हातून खातील.

अक्का